थेंब खाली, गळती वर : दुचाकीच्या इंजिनातील तेलगळतीचे निदान आणि दुरुस्ती

पावसाळा तोंडावर आला की गोव्यातील गॅरेजांसमोर दुचाक्यांची रांग लागते. ब्रेक तपासले जातात, झिजलेले टायर बदलले जातात, चेन ताणून घेतली जाते. इंजिनखाली जमिनीवर पडलेल्या काळ्या डागाची तक्रार मात्र फारसे कोणी करत नाही. ‘जुनी गाडी आहे, थोडे ऑइल सुटायचेच’ असे म्हणून तो डाग गृहीत धरला जातो. ज्या दिवशी तक्रार होते, त्या दिवशी बहुधा दुसरे टोक गाठले जाते. डाग पाहून थेट इंजिन खोलण्याचा निर्णय होतो, हेडचे पॅकिंग बदलले जाते, मोठी रक्कम खर्ची पडते आणि आठवडाभरात डाग पुन्हा त्याच जागी उमटू लागतो.

या दोन्ही प्रकारांच्या मुळाशी एकच समजूत आहे : तेल जेथे ठिबकते तेथेच ते गळते. वस्तुस्थिती तशी नसते. फटीतून बाहेर आलेले तेल इंजिनाच्या अंगावरून ओघळते, धावत्या गाडीच्या वाऱ्याने मागे ढकलले जाते, सिलिंडरच्या पात्यांमधून पसरते आणि सर्वांत खालच्या टोकाशी आल्यावर त्याचा थेंब होतो. त्यामुळे तेलगळतीच्या दुरुस्तीतील अवघड भाग पाना फिरवण्याचा नसून उगम शोधण्याचा असतो. तो शोध पद्धतशीर घेतला तर पुष्कळदा इंजिन खोलण्याची वेळच येत नाही.

लहान इंजिन, मोजके तेल

दुचाकीच्या इंजिनात तेलाचा साठा फार नसतो. शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक गाड्यांत तो एक लिटर किंवा त्याहूनही थोडा कमी असतो. एवढ्याशा तेलाकडे कामे मात्र अनेक. पिस्टन, क्रँक आणि कॅम यांचे घर्षण कमी करणे, एअरकूल्ड इंजिनाची बरीचशी उष्णता वाहून नेणे, झिजेचे कण धुऊन तळाशी नेणे आणि बहुतेक गाड्यांत गिअर व क्लच यांनाही वंगण पुरवणे, हे सर्व त्याच तेलावर अवलंबून असते.

गळती ‘थोडी’ म्हणजे किती, हे साध्या हिशेबाने कळते. तेलाचे सुमारे ३० थेंब म्हणजे एक मिलिलिटर धरला आणि मिनिटाला एक थेंब पडतो असे मानले, तर दिवसाचे १४४० थेंब, म्हणजे ४८ मिलिलिटर होतात. ९०० मिलिलिटर तेलाचे इंजिन या गतीने तीन आठवड्यांच्या आत रिकामे होईल. इंजिन चालू असताना तेल तापून पातळ होते आणि आतून उडत असते. तेव्हा गळतीचा वेग याहून वाढतो. बहुतेक लहान दुचाक्यांना तेलाच्या दाबाची सूचना देणारा दिवाही नसतो. चोर्ला किंवा अनमोड घाटाच्या चढणीवर, दोघांचे वजन घेऊन, निम्म्या तेलावर चाललेले इंजिन आधी आवाज करते आणि मग पिस्टन सिलिंडरमध्ये जखडतो. मागचे चाक त्या क्षणी अडकले तर प्रश्न खर्चापुरता राहत नाही.

दुसरा धोका अधिक जवळचा आहे. पुढच्या स्प्रॉकेटपाशी गळणारे तेल चेनवर पडते आणि चेनबरोबर मागच्या चाकापर्यंत पोहोचते. टायरच्या कडेला तेलाचा पातळ थर बसला की वळणावर गाडी झुकताच चाक सरकते. मागच्या ड्रमपर्यंत किंवा डिस्कपर्यंत तेल गेले तर ब्रेक दाबूनही गाडी थांबत नाही. शिवाय रस्त्यावर पडलेले तेल मागून येणाऱ्यांसाठी सापळा ठरते. पहिल्या पावसात रस्ते निसरडे होतात त्यामागे महिनोन्‌महिने साचलेली धूळ आणि अशा असंख्य गाड्यांनी सांडलेले तेल यांचाच वाटा असतो.

म्हणून गळतीची प्रतवारी प्रथम ठरवावी. जोडावर केवळ ओलसरपणा असेल, बोट फिरवल्यावर काळे होत असेल पण जमिनीवर डाग पडत नसेल, तर तेलाची पातळी पाहत राहून सवडीने काम करता येते. रात्रभरात काही थेंब पडत असतील तर दुरुस्ती त्या आठवड्यातच व्हावी. तेलाची धार लागली असेल, टायर किंवा ब्रेक तेलकट झाले असतील किंवा दांडीवरील खालच्या खुणेच्याही खाली तेल गेले असेल, तर गाडी चालवू नये, टेम्पोतून न्यावी.

तेलच आहे ना?

दुचाकीतून गळणारा प्रत्येक द्रव इंजिन ऑइल असतोच असे नाही. रात्री गाडी डबल स्टँडवर लावून खाली पांढऱ्या पुठ्ठ्याचा मोठा तुकडा ठेवावा आणि पुढच्या चाकाची दिशा त्यावर लिहून ठेवावी. सकाळी डागाची जागा, रंग आणि वास या तिन्हींवरून पुष्कळ उलगडा होतो.

नवे इंजिन ऑइल मधासारखे असते, वापरलेले तपकिरी ते काळे. पेट्रोलचा वास लपत नाही आणि त्याचा डाग लवकर उडून जातो. तो कार्बोरेटर किंवा पेट्रोलच्या नळीकडे बोट दाखवतो आणि आगीचा धोका असल्याने त्याची दखल त्याच क्षणी घ्यावी लागते. पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या चकचकीत नळीवर तेलाची कडी दिसत असेल तर ते फोर्क ऑइल असते. त्याचा इंजिनाशी संबंध नाही. ब्रेक ऑइल पाण्यासारखे किंवा फिकट पिवळसर असते, पाण्यात मिसळते आणि रंगाचे पापुद्रे काढते. रेडिएटर असलेल्या गाडीतील कूलंट बहुधा हिरवे, लाल किंवा निळे असते आणि त्याला गोडसर वास येतो. चेनवर मारलेले जादा वंगणही उडून इंजिनाच्या मागच्या भागावर काळा, चिकट थर तयार करते. अनेक ‘गळत्या’ प्रत्यक्षात एवढ्याच असतात आणि फडक्याने पुसल्या की संपतात.

आधी धुणे, मग पाहणे

डाग इंजिन ऑइलचाच आहे अशी खात्री झाली की निदानाचे काम सुरू होते. त्याची पहिली पायरी सर्वाधिक टाळली जाते : इंजिन पूर्ण स्वच्छ करणे. तेलावर लाल मातीची धूळ बसून तयार झालेल्या थराखाली कोणती फट ताजी आणि कोणता डाग जुना, हे अनुभवी मेकॅनिकलाही सांगता येत नाही. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत फिरणाऱ्या गाड्यांवर हा थर एवढा जाड असतो की पॅकिंगची रेषाच दिसत नाही.

इंजिन पूर्ण थंड असताना, मोकळ्या जागेत, जवळपास विडी-सिगारेट किंवा दिवाबत्ती नाही याची खात्री करून ब्रशने डिग्रीझर किंवा थोडे डिझेल लावावे. पात्यांच्या फटी, स्प्रॉकेटचे झाकण, इंजिनाचा तळ आणि स्टँडजवळचे कोपरे विसरू नयेत. स्प्रॉकेटचे झाकण काढूनच आतला भाग धुवावा. त्यानंतर साबणाचे पाणी आणि साधे पाणी वापरावे. पाण्याचा जोरदार फवारा थेट सीलवर, तारांच्या जोडांवर किंवा एअर फिल्टरच्या तोंडाशी मारू नये. धुण्याच्या नादात पाणी आत शिरले तर नवाच आजार मागे लागतो. शेवटी इंजिन फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्यावे.

आता संशयित जोडांवर टाल्कम पावडरचा पातळ थर फुंकून बसवावा. अंगाला लावण्याची साधी पावडर चालते. मग इंजिन सुरू करून पाच-दहा मिनिटे जागेवरच चालवावे आणि बॅटरीच्या प्रकाशात सर्व बाजूंनी पाहावे. पांढऱ्या पावडरवर उमटलेली पहिली ओली रेघ म्हणजे उगम. जागेवर काहीच दिसले नाही तर पाच-सहा किलोमीटरची फेरी मारून पुन्हा पाहावे, कारण काही जोड इंजिन पुरते तापल्यावर आणि भार पडल्यावरच तेल सोडतात. सावकाश झिरपणाऱ्या गळतीसाठी पुठ्ठा आणि पावडर दोन-तीन दिवसही ठेवावी लागते. मोठ्या गॅरेजांत तेलात विशिष्ट रंगद्रव्य मिसळून जांभळ्या दिव्याखाली उगम शोधतात. तत्त्व मात्र तेच.

पाहताना एक नियम धरावा : ओल्या भागातील सर्वांत वरचे आणि सर्वांत पुढचे ठिकाण खरे मानावे. तेल खाली ओघळते आणि वारा त्याला मागे नेतो. क्वचितच ते उलट जाते.

वरून खाली

या नियमानुसार तपासणी वरून सुरू करून खाली यावे. सर्वांत वर टॅपेटची झाकणे किंवा हेड कव्हर असते. तेथील ओ-रिंग किंवा रबरी पॅकिंग वर्षानुवर्षे तापून कडक होते, चपटे होते आणि तेल झिरपू लागते. हेच तेल पात्यांवरून उतरून ‘हेड पॅकिंग गेले’ असा भास निर्माण करते. ओ-रिंग काही रुपयांत मिळते. हेड उतरवण्याचे काम मोठे असते. दोहोंतील फरक केवळ नीट पाहण्याने कळतो.

त्याखाली हेड आणि सिलिंडर यांमधील जोड येतो, आणि त्याखाली सिलिंडर व क्रँककेस यांमधील तळाचे पॅकिंग. सिलिंडरच्या मागच्या अंगाला टायमिंग चेनचा टेन्शनर असतो. त्याचे लहानसे पॅकिंग किंवा ओ-रिंग ही नेहमीची पण नजरेआड राहणारी जागा आहे. उजवीकडे क्लच कव्हर आणि किकच्या दांड्याचे सील, डावीकडे मॅग्नेटचे कव्हर आणि गिअरच्या दांड्याचे सील अशी मांडणी आपल्याकडील बहुतेक गाड्यांत आढळते. ज्या इंजिनांत मॅग्नेट तेलात फिरते, तेथे तारा बाहेर पडतात त्या ठिकाणचे रबरी बूचही कडक होऊन गळते. डाव्या बाजूलाच पुढच्या स्प्रॉकेटमागे मुख्य दांड्याचे सील असते. चेन फार ताणलेली असली तर दांड्यावर सतत ओढ बसून हे सील लवकर जाते. सील बदलून चेन तशीच ताणलेली ठेवली तर नवे सीलही टिकत नाही.

सर्वांत खाली ड्रेन नट आणि तेलाच्या जाळीचे झाकण. ऑइल बदलल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डाग दिसू लागला तर प्रथम येथेच पाहावे. जुने चपटे झालेले वॉशर पुन्हा वापरले गेले असण्याची शक्यता मोठी असते.

पॅकिंग चांगले, दाब वाईट

कधीकधी एकाच वेळी दोन-तीन जोडांतून तेल येते. अशा वेळी सगळी पॅकिंग एकदम बिघडली असे समजण्यापूर्वी इंजिनाच्या आतील दाबाचा विचार करावा.

एका सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन खाली येतो तेव्हा क्रँककेसमधील हवा दाबली जाते आणि वर जातो तेव्हा ती पसरते. मिनिटाला ३००० फेऱ्यांवर हे सेकंदाला ५० वेळा घडते. त्यात भर म्हणून पिस्टनच्या रिंगांच्या कडेने जळालेला वायूही थोडा खाली उतरत असतो. हा दाब बाहेर जावा यासाठी ब्रीदरची नळी असते. बहुतेक गाड्यांत ती एअर फिल्टरच्या पेटीत जाते. ती नळी चिखलाने, तेलाच्या गाळाने किंवा चुकीच्या जागी पिळवटल्याने बंद झाली, तर दाब दुसरी वाट शोधतो. सर्वांत कमकुवत सील किंवा पॅकिंग ही त्याची वाट ठरते. अशा इंजिनाचे पॅकिंग कितीही वेळा बदलले तरी गळती थांबत नाही. नळी काढून, धुऊन, फुंकून पाहणे हा बिनखर्चाचा उपाय आहे आणि तो पहिल्या उपायांत असावा.

ब्रीदर मोकळा असूनही दाब जास्त असेल तर रिंग व सिलिंडर झिजल्याची शंका घ्यावी. सायलेन्सरमधून निळसर धूर, एअर फिल्टरच्या पेटीत साचलेले तेल आणि चालत्या इंजिनातील तेल भरण्याच्या तोंडातून जाणवणारे जोराचे फुत्कार ही तिची लक्षणे. तेथे खरा उपचार इंजिनाच्या आतच करावा लागतो.

जादा तेल हेही गळतीचे मोठे कारण आहे. ‘थोडे जास्त असलेले बरे’ या विचाराने ओतलेल्या तेलाचा क्रँकच्या फेऱ्यांमुळे फेस होतो, आतील मोकळी जागा कमी होते आणि दाब वाढून तेल ब्रीदरमधून किंवा सीलमधून बाहेर पडते. म्हणून पातळी नीट मोजावी. इंजिन काही मिनिटे चालवून बंद करावे, दोन-तीन मिनिटे थांबावे आणि सपाट जागी गाडी सरळ उभी धरून दांडी तपासावी. अनेक गाड्यांत दांडी आटे न फिरवता केवळ टेकवून पाहायची असते, काहींत ती पूर्ण बसवायची असते. या फरकाने वाचन बदलते, म्हणून गाडीच्या पुस्तिकेतील सूचना पाळावी.

पावसाळ्याचा एक विशेष येथे नोंदवायला हवा. ओल्या हवेत रोज दोन-तीन किलोमीटरच धावणाऱ्या गाडीच्या तेलाच्या झाकणाखाली पांढरट साय दिसते. इंजिन पुरेसे न तापल्याने आतील बाष्प तेलात मिसळल्याची ती खूण असते. लांबच्या एखाद्या फेरीने ती बहुधा जाते. पण दांडीवरील सगळेच तेल दुधाळ चहासारखे दिसत असेल, विशेषतः गाडी तुंबलेल्या पाण्यातून गेल्यानंतर, तर पाणी आत शिरले आहे असे समजावे. ते तेल ताबडतोब बदलावे आणि तोवर इंजिन सुरू करू नये.

जुन्या बुलेटचा धडा

तेलगळती म्हटली की रॉयल एन्फिल्ड बुलेटचे नाव निघतेच. १९५० च्या दशकाच्या मध्यास मद्रासमध्ये बनू लागलेल्या या गाडीचे बिडाच्या सिलिंडरचे जुने इंजिन साधारण २०१० पर्यंत चालत आले. गोव्यात ती आजही जिव्हाळ्याने जपली जाते. तिच्या गळतीची कारणे नशिबात नसून रचनेत आहेत, आणि ती समजून घेतली की इतर गाड्यांचे निदानही सोपे होते.

या रचनेत इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळ्या कवचांत असतात. मधली प्रायमरी चेन तिसऱ्या पेटीत, स्वतःच्या तेलात फिरते. जितके जोड अधिक तितक्या गळतीच्या जागा अधिक. जुन्या प्रायमरीचे पत्र्यासारखे पातळ झाकण मध्यभागी एकाच नटाने आवळलेले असते आणि कडेने रबरी सील असते. तेल सुटू लागले की नट आणखी आवळला जातो. झाकण मध्यभागी दबते, कडेला वाकते आणि गळती वाढते. अधिक आवळणे म्हणजे अधिक घट्ट बसणे नव्हे, हे या एका झाकणाइतके स्पष्ट दुसरे काही शिकवत नाही.

दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. या इंजिनात तेलाची टाकी क्रँककेसच्याच मागच्या भागात असते. गाडी बरेच दिवस उभी राहिली की टाकीतील तेल पंपातून हळूहळू क्रँकच्या कप्प्यात उतरते. मालक दांडी पाहतो, तेल कमी दिसते, तो वरून ओततो. गाडी सुरू होताच कप्प्यातील तेल टाकीत परतते, पातळी प्रमाणाबाहेर जाते आणि जादा तेल ब्रीदरमधून बाहेर फेकले जाते. पुढच्या वेळी पुन्हा ‘कमी झालेले’ तेल भरले जाते. पॅकिंग शाबूत असते, सील शाबूत असते. तरीही गाडी गळत राहते. इंजिन चालवून तापवल्यानंतरच पातळी पाहावी, एवढ्या एका सवयीने हे चक्र थांबते.

नंतरच्या बुलेटमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात आले. प्रायमरी चेनची वेगळी पेटी गेली आणि तिच्याबरोबर गळतीच्या कित्येक जागाही नाहीशा झाल्या.

दुरुस्ती : क्रम आणि संयम

उगम निश्चित झाल्यावर दुरुस्तीला हात घालावा. ड्रेन नटची गळती असेल तर तेल काढून नवे तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे वॉशर घालावे, बैठक पुसून घ्यावी आणि नट हाताने चार-पाच फेरे फिरवून मगच पाना लावावा. हाताने नट फिरत नसेल तर आटे वाकडे बसत आहेत असे समजून थांबावे. ॲल्युमिनियमच्या कवचातील आटे एकदा गेले की नव्या आट्यांची तारेची गुंडाळी बसवून घ्यावी लागते. टेफ्लॉनची पट्टी गुंडाळणे हा त्यावर उपाय नाही.

कव्हरचे पॅकिंग बदलताना तेल आधी काढून घ्यावे. बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे सैल करावेत. त्यांची लांबी सारखी नसते, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचे चित्र काढून, भोके पाडून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचून ठेवावा. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर कवचाला तडा जातो. कव्हर न निघाल्यास जोडात स्क्रू ड्रायव्हर खुपसू नये. रबरी हातोडीने कडेने हलके ठोकावे. जुने पॅकिंग प्लास्टिकच्या किंवा लाकडी पट्टीने खरवडावे, कारण धातूच्या पात्याने पडलेली एक चर नव्या पॅकिंगलाही निकामी करते. दोन्ही पृष्ठभाग कोरडे आणि तेलमुक्त असावेत, जुळणीच्या नळ्या जागेवर असाव्यात आणि पॅकिंग नेहमी नवेच असावे.

बोल्ट पुन्हा समोरासमोरच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. कव्हरच्या सहा मिलिमीटरच्या बोल्टांना सर्वसाधारणपणे १० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळ पुरते; नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावा. पंधरा सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकावर सुमारे सात किलोंचा जोर म्हणजे एवढी आवळ. पान्यावर नळी चढवून अंगाचा भार टाकणाऱ्याने किती पटींनी अधिक जोर लावला, याचा अंदाज यावरून येईल. टॉर्क पाना असल्यास उत्तमच.

सील बदलताना दांड्याला ओरखडा न पाडता जुने सील काढावे आणि दांड्यावर नखाने जाणवेल अशी चर पडली आहे का ते पाहावे. चर असल्यास नवे सीलही गळेल. नव्या सीलच्या ओठाला थोडे तेल लावावे, दांड्याच्या दात्यांवर टेप गुंडाळून ओठ फाटण्यापासून वाचवावा आणि योग्य मापाची गोल नळी टेकवून सील सरळ, सारखे आत बसवावे.

हेडचे किंवा सिलिंडरच्या तळाचे पॅकिंग मात्र घरच्या घरी बदलण्याचा मोह टाळावा. त्यात टायमिंग जुळवणे, हेडची सपाटी तपासणे आणि बोल्ट ठरलेल्या क्रमाने आवळणे या गोष्टी असतात; तेथे जाणता मेकॅनिकच हवा. चालकाने निदान पक्के करून जावे आणि पावडरवरील ओली रेघ त्याला दाखवावी. ‘ऑइल गळते’ अशी तक्रार आणि ‘टेन्शनरच्या डाव्या कडेने गळते’ अशी तक्रार, यांवर होणाऱ्या कामात आणि बिलातही फरक पडतो.

टाळावे असे काही

दोन पुड्यांचा लेप मळून तो बाहेरून फटीवर थापण्याची पद्धत अजून प्रचलित आहे. तेलकट आणि तापणाऱ्या पृष्ठभागावर तो लेप फार काळ धरत नाही आणि पुढे खरी दुरुस्ती करताना खरवडण्याचे काम वाढवतो. पॅकिंगऐवजी सिलिकॉनचा जाड थर देणे त्याहून घातक. आतल्या बाजूला दाबला गेलेला सिलिकॉन सुटून तेलाच्या जाळीत किंवा बारीक मार्गात अडकला, तर गळती थांबलेल्या इंजिनाला तेलच मिळत नाही. जेथे कंपनीनेच सीलंट सांगितले आहे तेथे तो पातळ रेघेइतकाच लावावा. गळती थांबवणारी म्हणून विकली जाणारी मिश्रणे रबर थोडे फुगवतात. फाटलेले पॅकिंग किंवा खराब झालेले आटे ती सुधारू शकत नाहीत.

गळते म्हणून जाड तेल किंवा मोटारीचे तेल ओतणेही योग्य नाही. दुचाकीचा क्लच बहुधा तेलातच बुडालेला असतो. मोटारीच्या अनेक तेलांतील घर्षण कमी करणाऱ्या घटकांमुळे तो घसरू लागतो. कंपनीने सांगितलेल्या दर्जाचे, जासो एमए किंवा एमए-२ असा निर्देश असलेले तेलच वापरावे.

काम झाल्यानंतर

दुरुस्तीनंतर इंजिन पुन्हा पुसून कोरडे करावे, पावडर लावावी आणि सुमारे ५० किलोमीटरनंतर जोड व तेलाची पातळी तपासावी. एक गळती थांबल्यावर तिच्या ओघळाखाली दडलेली दुसरी उघडी पडणे अशक्य नसते. टायर आणि ब्रेकवर तेल गेले असेल तर टायर साबणाच्या पाण्याने घासून धुवावा. तेल प्यायलेले ब्रेक लायनर किंवा पॅड मात्र बदलावेतच.

काढलेले जुने तेल हा या कामाचा शेवटचा आणि बहुधा विसरला जाणारा भाग. ‘धोकादायक व इतर कचरा (व्यवस्थापन व सीमापार वाहतूक) नियम, २०१६’ यांच्या कक्षेत वापरलेले तेल येते. ते गटारात, कुळागरात किंवा विहिरीच्या कडेला ओतले तर मातीत मुरून पाण्यापर्यंत जाते. बंद डब्यात भरून ते अधिकृत पुनर्प्रक्रियेकडे तेल पाठवणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.

दिवसभर रस्त्यावर असणारा पिवळ्या-काळ्या दुचाकीवरील पायलट असो, मासे घेऊन गावोगाव फिरणारा विक्रेता असो की पहाटे वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा, गाडी उभी राहिली की त्याचा त्या दिवसाचा रोजगार थांबतो. आठवड्यातून एकदा दांडी तपासणे, महिन्यातून एकदा इंजिनाखाली रात्रभर पुठ्ठा ठेवणे आणि डाग दिसताच पाना उचलण्याआधी फडके उचलणे, एवढे केले तरी बहुतेक गळत्या ओ-रिंग किंवा वॉशरच्या किमतीत मिटतात.